राजाचा उजवा हात

आखातातल्या बद्रानचा राजा गुरुवारी पहाटे विमानात बसून पळाला आणि शुक्रवारी दुपारी चिंचणीत आत्माराम सावे ऊर्फ अण्णा यांनी तोंड उघडलं. दोन्हींपैकी जास्त घोळ कशाने झाला, यावर सावे घराण्यात आजही एकमत नाही.

तसं ते तोंड बंद कधी नव्हतंच. एकोणीस वर्षांपूर्वी थोरला ललित बद्रानला गेला तो राजवाड्याच्या बागेत माळी म्हणून. व्हिसावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आमी वाडीवाले. चार पिढ्या आमच्या चिकूच्या वाडीत लोक कामाला येतात. आणि तू दुसऱ्याच्या बागेत पाणी घालायला चाललास?" ललित गेला. नाक्यावर कोणी विचारलं तर अण्णा सांगत, "राजवाड्यात हाय." त्यात खोटं काही नव्हतं. पण एकदा राजवाडा म्हटलं की माणूस पहिल्या पायरीवर थांबत नाही. दुसऱ्या वर्षी ललित सुपरवायझर झाला, पाचव्या वर्षी मॅनेजर, आणि करोनाच्या आधी कधीतरी तो राजाच्या पंगतीला जेवायला बसू लागला. बद्रानच्या राजाने अख्ख्या कारकिर्दीत दिल्या नसतील इतक्या बढत्या त्याला चिंचणीच्या नाक्यावर मिळाल्या. घरात सगळ्यांना खरं ठाऊक होतं. पण म्हाताऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं कोणाच्या जिवावर येत होतं, म्हणून सगळे गप्प बसले.

शुक्रवारी बोईसरचा कुठलासा यूट्यूब चॅनलवाला माईक घेऊन आला. बद्रानमध्ये अडकलेल्या आपल्या माणसांच्या घरी तो फिरत होता. अण्णा चिकूच्या पाट्यांपाशी उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आमचा ललित म्हंजे राजाचा उजवा हात. राजा त्याला इचारल्याबिगर पाणी पण पीत नाय. त्या राजवाड्यातली एक गोष्ट अशी नाय, जी आमच्या ललितला ठाव नाय."

तेवीस सेकंदांचा व्हिडिओ. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो खाली अरबी अक्षरं चिकटवून बद्रानभर फिरला होता. भाषांतर कोणी केलं देव जाणे. आपल्याच माणसांपैकी कोणीतरी, दुसरं कोण!

*

रविवारी सकाळी ललितची बायको स्नेहल पाहुण्यांसाठी शिरा ढवळत होती. केळव्याहून लेक समिधाच्या होणाऱ्या सासूबाई, जमुनाबाई, येणार होत्या, साखरपुड्याची तारीख ठरवायला. स्नेहलचा एक डोळा कढईवर आणि एक फोनवर होता. ललितचा शेवटचा निरोप शुक्रवारी रात्रीचा. "मी बरा आहे. लोक राजवाड्यात शिरलेत, पण झाडांना कोणी हात लावत नाही." त्यानंतर काही नाही.

फाटकाशी स्कूटर वाजली. हिना होती, तारापूरची. बारा वर्षं ती बद्रानला नर्स होती, परत येऊन तिलाही आता सात वर्षं झाली. तिचा दीर अजून तिकडे टेम्पो चालवतो. तिने हेल्मेट काढलं नाही तेव्हाच स्नेहलने गॅस बंद केला.

"जिवंत आहे," हिना आधी म्हणाली. नर्स होती, बातमी कुठून सुरू करायची ते तिला कळत होतं. "मारलेलं नाही. पण कमिटीने बसवून ठेवलाय. कालपासून."

"कसली कमिटी?"

"मोहल्ल्याची. ज्यांनी राजाला घालवला त्यांची. भली माणसं आहेत गं, शिक्षक, दुकानदार, नर्सा. पण त्यांची माणसं हरवलीत. सहा वर्षांत राजाने चारशेच्या वर लोक उचलले, घरातून, कॉलेजातून, आणि कुठे ठेवले ते कोणालाच माहीत नाही. तुरुंग उघडले तर तिथे नाहीत. म्हणून ते राजाच्या जवळच्या माणसांना शोधतायत. आणि त्यांच्याकडे अण्णांचा व्हिडिओ आहे."

स्नेहल पाटावर बसली.

"ललितभाई सांगतो, मी माळी आहे. ते म्हणतात, मग तुझा बाप खोटं बोलतो का? तिकडे बापाच्या शब्दाला फार वजन असतं, स्नेहल. साडेअकराला ते फोन करतील. कमिटीच्या बाईंना अण्णांशी बोलायचंय, तोंडासमोर, व्हिडिओवर. त्यांना पटलं तर ठीक. नाही पटलं तर दुपारी त्याला लष्कराच्या छावणीत देणार."

"आणि तिथून?"

हिनाने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "तिथून कोण कधी सुटतो, ते सांगणारं मला अजून कोणी भेटलं नाही."

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. स्नेहल पदर खोचत मागच्या दाराने वाडीत निघाली. तिला रडायला येत होतं, पण त्याच्याही आधी तिला प्रचंड राग आला होता.

*

वाडीत अण्णा धाकट्याला झापत होते. हर्षित बोईसरला एमआयडीसीत शिफ्ट इंचार्ज, रविवारचा सुट्टीवर. त्याने तासभर मोटर चालवून चिकूला पाणी सोडलं होतं आणि पाट मध्येच फुटून सगळं पाणी नारळांकडे गेलं होतं.

"तासभर सोडलं ना मी, अण्णा!"

"किती सोडलं ते शेंबडं पोर पण सांगंल. गेलं कुठं ते बघितलंस? पाणी कुठं जातं ते ज्याला कळतं तो वाडीवाला. बाकी समदे नळ उघडणारे." अण्णांनी जिव्याकडे बघितलं. "काय रे जिव्या?"

जिव्या पाटाच्या भगदाडात माती दाबत होता. अण्णांच्याच वयाचा, डोंगराकडच्या पाड्यावरचा, पन्नास वर्षं या वाडीत कलमं बांधणारा. "शेट, ललितला एकदा सांगितलं की कळायचं," तो म्हणाला. हर्षितने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

तेवढ्यात स्नेहल आली. तिने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं, हिनाच्या शब्दांत, काही न गाळता.

अण्णांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं आणि त्यांनी शेजारच्या झाडाला हात लावला. तेवीस सेकंद. आपण काय बोललो ते त्यांना शब्दन्शब्द आठवत होतं, कारण बोलताना फार बरं वाटलं होतं.

"मंग सांगू ना," ते म्हणाले. "सांगू की... मॅनेजर होता. पण राजाशी बोलणंचालणं नव्हतं. बागेपुरता मॅनेजर."

"अण्णा!" हर्षित ओरडलाच. "मॅनेजर म्हटलंत तर संपला तो! अजून तुम्हाला मॅनेजरच पाहिजे? भावाचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही..."

"तू मधी बोलू नको. स्नेहल, तू तरी सांग याला."

ही त्यांची जुनी सवय होती. हर्षितने रस्त्याकडची झाडं पाडून तिथे गोदाम बांधायचा विषय काढल्यापासून गेली सहा वर्षं स्नेहल प्रत्येक वेळी सासऱ्याच्या बाजूने उभी राहिली होती. दिराशी तिचं बोलणंही त्यावरून तुटक झालं होतं.

"आज नाही, अण्णा," स्नेहल म्हणाली. "एकोणीस वर्षं मी गप्प बसले. नाक्यावर बायका विचारायच्या, राजाची राणी कशी आहे गं, आणि मी हसून घालवायचे. माझा नवरा चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत खड्डे खणतो. त्या खड्ड्यांवर हे घर उभं राहिलंय, समिधा शिकलीय. मला त्याची कधी लाज वाटली नाही. तुम्हाला वाटली, म्हणून मी पण लपवलं. आता तुम्ही बोलायचं. माळी म्हणून बोलायचं."

अण्णा झाडाची साल नखाने खरवडत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं हर्षितने बघितलं नव्हतं, आणि बघवेना तेव्हा तोच मवाळ झाला. "वहिनी, असं करू. मी बोलतो. त्यांना कुठे कळतंय बाप कोण ते? टोपी घालतो, आवाज जड करतो."

"व्हिडिओ बघितलाय त्यांनी, भाऊजी. चेहरा बघितलाय."

"आणि परत खोटंच का?" मागून आवाज आला. शालू, अण्णांची बायको, पाहुण्यांसाठी वेचलेला मोगरा ओच्यात घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याजवळ गेली आणि त्यांच्या टोपीवरचं पान झटकलं. "बापानं वाट लावली, बापच निस्तरंल. चला. हातपाय धुवा."

*

अण्णांनी जाताजाता एक सुटका शोधली होती. पाहुणे ओटीवर बसतील, आपण मागच्या खोलीत दार लावून फोनवर बोलू. काय ते माळी-बिळी आतल्या आत होऊन जाईल. पण मागच्या खोलीत रेंज येत नाही. स्वयंपाकघरात येत नाही. आख्ख्या घरात व्हिडिओ कॉल लागतो तो ओटीवरच्या दुसऱ्या खांबाशी, आणि त्या खांबाला टेकून सव्वाअकराला जमुनाबाई बसल्या होत्या, बरोबर केळव्याची दोन वडीलधारी माणसं.

समिधाने फोन खांबाशी स्टुलावर उभा केला. तिला कोणीतरी सांगेल असं वाटत होतं की तू आत जा, नवरीमुलगी आहेस. कोणी सांगितलं नाही.

"काय झालं गो?" जमुनाबाईंनी विचारलं. "वरण करपल्यासारखी तोंडं का समद्यांची?"

समिधाने आजोबांकडे बघितलं. मग आजीकडे. "काकू," ती म्हणाली, "माझ्या बाबांना तिकडे पकडून ठेवलंय. आता फोन येईल. तुम्ही थांबा इथेच."

फोन आला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक बाई, साठीची, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळ्यांखाली जागरणाचे काळे डाग. मागे शाळेचा फळा. आणि बाकावर, दोन तरुणांच्या मध्ये, बाबा. दाढी वाढलेली. समिधाने तोंडावर हात दाबला. बाबांनी तिला बघितलं आणि हात हलवायला वर केला, पण बाजूच्या पोराकडे बघून खाली घेतला.

बाई अरबीत बोलायला लागली. हिना फोनशेजारी बसून सांगत गेली.

"त्या म्हणतात, मी शाळेत शिकवते. माझा मुलगा चार वर्षांपूर्वी कॉलेजातून घरी येत होता, तो आला नाही. मी कोणाचा सूड घ्यायला बसलेली नाही. पण तुम्ही म्हणालात, राजवाड्यातली एक गोष्ट अशी नाही जी तुमच्या मुलाला माहीत नाही. मग त्याला सांगा, माझा मुलगा कुठे आहे ते मला सांगू दे. त्याला मी स्वतः विमानतळावर नेऊन सोडते."

अण्णांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसत होते, हे समिधाच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

"बाई," अण्णा म्हणाले, आणि थांबले. त्यांनी एकदा जमुनाबाईंकडे बघितलं. "बाई, मी खोटं बोललो. माझा पोरगा राजाचा कोण पण नाय. राजानं त्याचं तोंड पण बघितलं नसंल. तो माळी हाय. पयल्या दिवसापासून माळीच हाय. मला लाज वाटायची, म्हणून मी गावात मोठं करून सांगत बसलो. तुमच्या पोराचा पत्ता लागंल अशी आशा मी तुमाला लावली. त्याची मी तुमच्या पायाशी माफी मागतो. पण त्याला सोडा. लबाड मी हाय, तो नाय."

हिनाने सांगितलं. बाई थोडकंच बोलली.

"त्या विचारतात, शुक्रवारचं खोटं होतं, मग आजचं खरं कशावरून? मुलगा धोक्यात असला की कुठलाही बाप हेच म्हणेल."

खरंच होतं. हर्षितने डोळे मिटून घेतले. स्नेहल पुढे सरकली.

अण्णांनी आपला डावा हात वर केला आणि फोनच्या अगदी तोंडाशी नेला, इतका की पलीकडे नुसता अंगठाच दिसला असेल. पेरावर आडवा पांढरा वण, त्याच्या खाली दुसरा, तिसरा.

"हे बघा. आमी कलमं बांधतो. चिकूची फांदी तासायची तर चाकू आपल्याकडं ओढायला लागतो, ह्या अंगठ्यावर. शिकताना अंगठा कापतोच. कोणी सुटत नाय. जिव्या, इकडं ये!"

जिव्या अंगणातच उभा होता, चिखलाच्या पायांनी. ओटीवर तो कधी चढत नसे. आज चढला. त्याने अंगठा धोतराला पुसला आणि अण्णांच्या अंगठ्याशेजारी धरला. तेच वण, त्याच जागी.

"माझ्या पोराचा अकराव्या वर्षी कापला," अण्णा म्हणाले. "मीच हळद भरून बांधला. दुसऱ्या दिवशी परत चाकू दिला हातात. त्याचा अंगठा बघा, बाई. राजाच्या पंगतीला बसणाऱ्याचा असा असंल तर ठेवा त्याला."

पलीकडे बाई उठली. पडदा हलला. ती बाकापाशी गेली आणि तिने बाबांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे वळवला. समिधाला वणही दिसला आणि त्याच्या खाली ओली, ताजी चीरही. बाबा म्हणजे या क्रांतीच्या धामधुमीतही कुठल्यातरी झाडाला कलम बांधत होते! तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"माझे वडील खजुराची झाडं करायचे," हिना बाईंचे शब्द सांगत होती. "त्यांचे हात..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

आणि मग पहिल्यांदा बाबा बोलले, मराठीत, घाईघाईने. "अण्णा, यांना सांगा, मी कालपासून बोंबलतोय, यांना सापळा वाटतो. मला पाणी कुठं जातं ते माहीत आहे!"

ओटीवर एकट्या अण्णांना ते कळलं. त्यांनी हिनाच्या दंडाला धरून तिला जवळ ओढलं.

"हिना, सांग त्यांना. राजाचं इचारू नका. माझ्या पोराला पाण्याचं इचारा."

*

ललितने जे सांगितलं ते हिनाने नंतर दहा वेळा सांगितलं, कारण ओटीवर प्रत्येकाला ते परत ऐकायचं होतं. बागेच्या उत्तरेकडच्या भिंतीखालून एक पाइप जातो. भिंतीपलीकडे उघडी वाळू, गवताचं पातं नाही, नुसतं एक बिनखिडक्यांचं पंपघर. पण दर दिवसाला त्या पाइपातून दोन-तीनशे माणसांना पुरेल एवढं पाणी जातं. ललितने तीन वर्षांपूर्वी मुकादमाला विचारलं होतं, की इथे झाड नाही, मग हे पितं कोण? मुकादमाने सांगितलं, परत विचारलंस तर तू पण दिसणार नाहीस. आणि राजा पळाला तरी ते पाणी अजून चालू होतं. ललितने झडप बंद केली नव्हती. म्हणूनच तो पळालाही नव्हता. सगळे माळी निघून गेले तेव्हा हा पंपापाशी थांबला, कारण भिंतीपलीकडे, वाळूखाली, कोणीतरी पाणी पीत होतं.

बाई ऐकता ऐकता उभी राहिली होती आणि फोन तसाच टाकून गेली होती. मग पडदा काळा झाला.

साडेअकराचे बारा झाले, बाराचे दोन. शिरा गार झाला. जमुनाबाई उठल्या नाहीत. शालूने ताटं वाढली तेव्हा अण्णा पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले, टोपी अजून हातातच.

"जमुनाबाई, तुमाला पण फसवलं मी. मॅनेजरची पोरगी म्हणून तुमी आलात. आता तुमच्या मनाला काय येईल ते."

"आत्मारामभाऊ, बसा खाली," जमुनाबाई म्हणाल्या. "केळव्याला पण ठाव हाय."

"काय?"

"ललितभाऊ माळी हायेत ते. माझा भाऊ मस्कतला होता पंधरा वर्सं. गल्फचा माणूस घड्याळ लपवील, हात कुठं लपवील? तीन वर्सांमागं लग्नात आमच्याकडं आले होते, तवाच बघितले. जेवून उठले ते आमच्या आंब्याच्या वाळक्या फांद्या छाटूनच गेले. तवाच मी म्हटलं, ह्या घरातली पोरगी करायची."

"मंग बोललात का नाय?"

"तुमी एवढ्या हौसेनं सांगता. कोणी मोडायचं?"

अण्णांनी ओटीवरच्या एकेका तोंडाकडे बघितलं. "चिंचणीत पण ठाव हाय?"

"पार दांडी गावापर्यंत ठाव हाय, शेट," जिव्या पायरीवरून म्हणाला. "लोकं इचारायची तुमाला, कारण ऐकायला मजा यायची."

शालूला खुदकन हसू आलं. पोराचा पत्ता नव्हता, आणि तरी तिला हसू आवरेना. एकोणीस वर्षं तिने हे गुपित छातीशी धरलं होतं, देवाजवळ दिवा लावतानासुद्धा मोठ्याने बोलली नव्हती, आणि दांडीच्या मासळीवाल्या बायका त्यावर हसत होत्या! पदराखाली ती हसत राहिली आणि मग ते हसू रडण्यात कधी गेलं ते तिलाच कळलं नाही. स्नेहलने तिला जवळ घेतलं. हर्षितने न सांगता पाण्याचा तांब्या आणला आणि आधी वहिनीच्या हातात दिला. दोघांचं सहा वर्षांतलं पहिलं धड बोलणं तेव्हा झालं. तो म्हणाला, "घ्या वहिनी," आणि ती म्हणाली, "तुम्ही पण बसा."

*

चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पलीकडे एवढा गलका होता की ललितला ओरडावं लागत होतं.

"काढले! बाहेर काढतायत अजून! दोनशे अकरा झाले, मोजणारी पोरं अजून मोजतायत... स्नेहल, ऐकू येतंय का? वाळूखालचे लोक बागेत आडवे झालेत, चिकूच्या सावलीला. चिंचणीची कलमं गं, अण्णांनी ओल्या फडक्यात बांधून दिलेली. धरलेत या वर्षी. पिकलेला एकेक देतोय लोकांना."

"आणि त्या बाईंचा मुलगा?" शालूने विचारलं. सकाळपासून तिच्या डोक्यातून ती दुसरी आई गेलीच नव्हती.

"यात नाही, आई. पण एकाने त्याला दोन महिन्यांपूर्वी बघितलंय, जिवंत. दक्षिणेकडे नेलं म्हणतो, तिथे पण असाच एक पंप आहे. बाई निघाल्या. मला बरोबर नेतायत. पाणी कुठं जातं ते बघायला."

"तू परत कधी येतोस?" स्नेहलने विचारलं.

"साखरपुड्याला येतो. तारीख ठरवा तुम्ही. पण परत जाईन, स्नेहल. बाग आता लोकांसाठी उघडणार आहेत, कमिटी म्हणते तूच बघ. या खेपेला तू पण चल ना. बघ तरी."

स्नेहलने फोन कानाशी घट्ट धरला. एकोणीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता, कारण राजाच्या माळ्यांना बायको आणायची मुभा नव्हती. "शिरा गार करून बसलेय मी इथे," ती म्हणाली, आणि मग, "येते."

उन्हं कलली तेव्हा फाटकाशी तोच बोईसरचा यूट्यूबवाला उभा होता. त्याला कुठून कळलं कोण जाणे, पण पत्रकारांना आणि माशांना कळतं. "काका, ब्रेकिंग आहे! तुमच्या मुलाने शेकडो कैदी सोडवले म्हणे. तिकडे नक्की कोणत्या पोस्टवर आहे तो?"

अण्णांनी टोपी सारखी केली. हर्षित कपाळाला हात लावायच्या बेतात होता. यापेक्षा मोठी संधी अण्णांना जन्मात मिळाली नव्हती, आणि या वेळी काहीही सांगितलं असतं तरी ते थोडंफार खरंच ठरलं असतं. शालू त्यांच्याकडे बघत होती.

"माळी हाय," अण्णा माईकमध्ये म्हणाले. "झाडांना पाणी घालतो."

पोरगा थांबला, अजून काही येईल म्हणून. "बस? एवढंच?"

"एवढंच म्हंजे?" अण्णा भडकले. "अरे, घातलेलं पाणी कुठं जातं, ते बघायला लागतं!"